वडिलांच्या रक्तात जॅक२ जनुकाचा बदल सापडला, आता मुलीची चाचणी करावी का?

वाचकाचे पत्र: माझे वडील ५७ वर्षांचे आहेत. काही महिन्यांपासून त्यांचे डोके जड राहायचे, चेहरा लालसर दिसायचा आणि अंघोळीनंतर अंगाला असह्य खाज सुटायची. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १९ आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५७ टक्के आले. पुढच्या तपासणीच्या अहवालात ‘जॅक२ व्ही६१७एफ पॉझिटिव्ह, ४२ टक्के’ असे लिहिले आहे. डॉक्टरांनी पॉलिसायथीमिया व्हेरा, म्हणजे तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होण्याचा आजार, असे निदान केले असून ते ठरावीक अंतराने रक्त काढतात आणि रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. जनुकातला दोष म्हटल्यावर बाबांनी एकच धसका घेतला आहे, की हे आपण मुलांना आणि नातीला दिले. मी ३१ वर्षांची आहे, माझी मुलगी ४ वर्षांची आहे. आमची दोघींची चाचणी करून घ्यावी का? जॅक प्रथिनाला रोखणारे औषध उपलब्ध आहे असे वाचले, मग ते बाबांना का दिले जात नाही? आणि ४२ टक्के म्हणजे आजार निम्म्यापर्यंत पोहोचला आहे का? त्यांचे लोहही फार कमी आले आहे. नातेवाईक लोहाच्या गोळ्या सुरू करायला सांगतात. काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या सर्व प्रश्नांत वडिलांच्या मनातला प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. हा बदल त्यांनी तुम्हाला दिलेला नाही. तो त्यांनाही त्यांच्या आईवडिलांकडून मिळालेला नाही. तुमची किंवा तुमच्या मुलीची जॅक२ चाचणी आज करण्याचे कारण नाही. हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. या जनुकाचे काम आणि त्यातला बदल नेमका कुठे होतो हे पाहिले की ते आपोआप स्पष्ट होते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ते वडिलांनाही वाचून दाखवावे.

जॅक२ हे जनुक आपल्या नवव्या गुणसूत्रावर असते आणि प्रत्येक माणसात असते. त्यामुळे ‘जॅक२ पॉझिटिव्ह’ या शब्दांचा अर्थ एखादे परके जनुक शरीरात शिरले असा होत नाही. या जनुकावरून पेशी त्याच नावाचे एक प्रथिन तयार करते. ते १,१३२ अमिनो आम्लांचे असते आणि पेशीच्या आवरणाला लागून, आतल्या बाजूला राहते. पेशीच्या बाहेरून आलेला संदेश आत पोहोचवणे हे त्याचे काम आहे. अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होत असतात. त्या किती तयार व्हाव्यात हे ठरवणारा मुख्य संदेश मूत्रपिंडातून येतो. ऊतींना प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. हे संप्रेरक अस्थिमज्जेतल्या तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटते.

इथे एक अडचण असते. हा रिसेप्टर संदेश ओळखू शकतो, पण पुढची रासायनिक क्रिया घडवण्याची क्षमता त्याच्यात मुळीच नसते. त्याच्या पेशीच्या आतल्या शेपटाला जॅक२ प्रथिन जोडलेले असते आणि ती क्षमता या प्रथिनाकडे असते. संप्रेरक चिकटले की दोन रिसेप्टर योग्य रीतीने जवळ येतात. त्यांच्यासोबत दोन जॅक२ प्रथिने समोरासमोर येतात आणि परस्परांवर फॉस्फेटचे गट बसवून एकमेकांना कार्यरत करतात. त्यानंतर ती रिसेप्टरच्या शेपटावरही फॉस्फेट बसवतात. त्या खुणा पाहून स्टॅट५ नावाचे दुसरे प्रथिन तिथे येते. त्यावरही फॉस्फेट बसले की त्याच्या दोन रेणूंची जोडी तयार होते, ती जोडी पेशीकेंद्रकात जाते आणि पेशीने जगावे, विभागावे, वाढावे यासाठी लागणारी जनुके सुरू करते. याच जागेवरून रास आणि पीआय३के या आणखी दोन संदेशमार्गांनाही चालना मिळते. बाहेरच्या एका रेणूच्या स्पर्शापासून केंद्रकातल्या जनुकापर्यंतची ही साखळी इतकी थोडक्या कड्यांची आहे, की पेशीजीवशास्त्रात याहून सरळ मार्ग फार थोडे सापडतात.

हा संदेश जितक्या तत्परतेने सुरू होतो तितक्याच तत्परतेने थांबणेही आवश्यक असते. त्यासाठी पेशीत अनेक सोयी आहेत. काही विकरे फॉस्फेट काढून घेतात. स्टॅट५मुळे तयार होणारी सॉक्स गटातली प्रथिने उलट येऊन जॅक२लाच आवरतात. परंतु सर्वांत महत्त्वाची सोय जॅक२ प्रथिनाच्या स्वतःच्या रचनेत आहे. त्यात एकमेकांसारखे दिसणारे दोन भाग शेजारीशेजारी असतात. एक भाग फॉस्फेट बसवण्याचे खरे काम करतो. दुसऱ्याची घडण तशीच असली तरी तो ते काम जवळजवळ करतच नाही. तो पहिल्या भागाला लगाम घालतो. संदेश नसताना जॅक२ शांत राहते ते या लगामामुळे. तुमच्या वडिलांच्या अहवालातला बदल नेमका या लगाम घालणाऱ्या भागात आहे. प्रथिनाच्या साखळीतल्या ६१७व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असायला हवे, तिथे फेनिलॲलॅनिन आले आहे. व्ही६१७एफ या अक्षरांचा अर्थ एवढाच आहे. जनुकाच्या पातळीवर पाहिले तर एका जागी एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने लगाम सैल पडतो आणि एरिथ्रोपोएटिनचा संदेश नसताना, किंवा अगदी क्षीण असतानाही, जॅक२ पुढे ‘वाढा’ असा निरोप देत राहते.

म्हणूनच या आजारात रक्तातल्या एरिथ्रोपोएटिनचे प्रमाण बहुधा कमी सापडते. मूत्रपिंड आपले काम बरोबर करत असते. रक्तपेशी भरपूर आहेत हे पाहून ते संदेश कमी करते, पण अस्थिमज्जा त्या संदेशाची वाट पाहतच नसते. अशा रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत एरिथ्रोपोएटिन न घालताही वाढतात हे १९७४ साली दिसून आले होते. त्यामागचे कारण मात्र २००५ साली उलगडले, आणि तेही फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि अमेरिका येथील चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी हा एकच बदल शोधून काढला तेव्हा. आज पॉलिसायथीमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत व्ही६१७एफ सापडतो आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत याच जनुकाच्या दुसऱ्या एका भागात, एक्सॉन १२ मध्ये, बदल असतो. प्लेटलेट आणि काही पांढऱ्या पेशींच्या वाढीचे संदेशही जॅक२मार्फतच जातात. त्यामुळे वडिलांच्या अहवालात त्यांचीही संख्या वाढलेली दिसली तर तो वेगळा आजार समजू नये.

आता वारशाविषयी. हा बदल गर्भधारणेच्या वेळी आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत नसतो. तो नंतर, अस्थिमज्जेतल्या एका रक्तमूळपेशीत, पेशीविभाजनाच्या वेळी होतो. त्या एका पेशीच्या वंशजांना वाढीचा निरोप सतत मिळत असल्याने त्यांची संख्या हळूहळू वाढत जाते आणि अनेक वर्षांनी रक्ततपासणीत ती दिसू लागते. रुग्णांच्या पेशींतले जनुकीय बदल मोजून त्यांची वंशावळ मांडणाऱ्या अलीकडच्या संशोधनातून असे दिसले आहे, की निदान प्रौढ वयात झाले तरी पहिला बदल काही रुग्णांत बालपणी, तर काहींत जन्मापूर्वीच झालेला होता. ही माहिती कळल्यावर काही जण तो बदल वारशाने आला असे समजतात, म्हणून स्पष्ट सांगतो. जन्मापूर्वी झालेला असला तरी तो त्या व्यक्तीच्या रक्त तयार करणाऱ्या पेशीत झालेला असतो, पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या शुक्रपेशीत किंवा बीजांडात नव्हे. वडिलांच्या खाण्यापिण्यामुळे, कष्टांमुळे किंवा एखाद्या चुकीमुळे तो झाला असे मानायलाही आधार नाही.

यात दोन बारकावे आहेत आणि ते लपवणे योग्य होणार नाही. पहिला असा, की अशा रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत रक्तपेशी जास्त तयार होण्याच्या अशा आजारांचे प्रमाण इतरांपेक्षा काही पट, एका मोठ्या स्वीडिश अभ्यासानुसार सुमारे पाच ते सात पट, अधिक आढळले आहे. हा आकडा ऐकून घाबरू नये, कारण मुळातला धोका अतिशय लहान आहे. पॉलिसायथीमिया व्हेराचे नवे रुग्ण दर वर्षी एका लाखात साधारण एक ते तीन असतात. त्याची काही पट केली तरी तुमच्यासारख्यांपैकी बहुतेक सर्वांना हा आजार होतच नाही. या वाढीव धोक्याचे एक कारण २००९ साली सापडले. जॅक२ जनुकाचा एक विशिष्ट, जन्मजात प्रकार असतो आणि तो असणाऱ्यांत पुढे व्ही६१७एफ होण्याची शक्यता थोडी अधिक असते. परंतु हा प्रकार असंख्य निरोगी माणसांत असतो आणि त्यांना काहीही होत नाही. दुसरा बारकावा असा, की जॅक२मधला बदल खरोखरच जन्मजात असलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी मोजकी कुटुंबे वैद्यकीय नोंदींत आहेत. त्यांतल्या एका कुटुंबात तर बदल ६१७व्या जागीच आहे, पण तिथे फेनिलॲलॅनिनऐवजी आयसोल्युसिन आले आहे आणि आजारही वेगळा, प्लेटलेट वाढण्याचा आहे. वडिलांच्या अहवालात तो बदल नाही.

मग चाचणी करून खात्री का करून घेऊ नये, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे, की त्या चाचणीच्या उत्तरावरून करण्यासारखे काही हाती लागत नाही. ती आज निगेटिव्ह आली तरी पुढे कधी बदल होणार नाही याची हमी तिच्यातून मिळत नाही, कारण तो वारशाने येत नाही, आयुष्यात केव्हाही होतो. उलट, अत्यंत संवेदनशील चाचणीत व्ही६१७एफ असणाऱ्या पेशींचा अगदी लहान अंश अनेक निरोगी प्रौढांतही सापडतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तो आजार कधी होत नाही. असा अंश उद्या तुमच्या अहवालात दिसला तर आजार नसताना वर्षानुवर्षे चिंता मात्र मागे लागेल. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर माझे मत अगदी ठाम आहे. लक्षण नसलेल्या लहान मुलाची, ज्यावर काही उपाय करायचा नाही अशी जनुकीय चाचणी करू नये. तुमच्यासाठी, इतर कारणाने कधी रक्ताची साधी गणना केली तर तिचा अहवाल जपून ठेवणे पुरेसे आहे. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट किंवा प्लेटलेट वारंवार जास्त येऊ लागल्या, अथवा यकृताच्या वा आतड्याच्या शिरांसारख्या अनपेक्षित जागी रक्ताची गुठळी झाली, तरच जॅक२ चाचणीचा विचार होतो आणि तेव्हा ती जरूर करावी.

४२ टक्के या आकड्याचा अर्थ निम्मा आजार असा नाही. तपासलेल्या रक्तात जॅक२ जनुकाच्या जितक्या प्रती होत्या, त्यांपैकी ४२ टक्के प्रतींत बदल होता, एवढेच तो सांगतो. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही पेशींत एकच प्रत बदललेली असते तर काहींत दोन्ही. त्यामुळे या आकड्यावरून बदललेल्या पेशींची टक्केवारीसुद्धा सरळ काढता येत नाही. पॉलिसायथीमियाच्या रुग्णांत हा आकडा अगदी थोड्यापासून ९० टक्क्यांच्या वरपर्यंत असू शकतो. तो फार मोठा असला तर पुढे अस्थिमज्जेत तंतू वाढण्याची शक्यता काहीशी अधिक असते, म्हणून डॉक्टर त्याची नोंद ठेवतात. पण रोजच्या उपचाराची दिशा ठरवणारा आकडा हिमॅटोक्रिट आहे, हे वडिलांनी पक्के लक्षात ठेवावे.

हा आजार कर्करोग आहे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण कधीतरी कोणीतरी ते तुमच्यासमोर म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची नोंद रक्तपेशींच्या अनिर्बंध वाढीच्या विकारांत, म्हणजे कर्करोगांच्या मोठ्या कुळात होते. तो बहुधा अत्यंत संथ असतो आणि योग्य उपचारांनी पुष्कळ रुग्ण दशकानुदशके जगतात. थोड्या रुग्णांत तो पुढे मज्जातंतुमयतेकडे, म्हणजे अस्थिमज्जेत तंतू वाढण्याच्या आजाराकडे, आणि त्याहून थोड्यांत तीव्र ल्युकेमियाकडे वळतो. आजचा खरा धोका मात्र दाट झालेल्या रक्तात होणाऱ्या गुठळीचा असतो.

म्हणूनच डॉक्टर रक्त काढतात. हा उपाय जुना वाटला तरी तो कमी दर्जाचा नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत ३६५ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवले, दुसऱ्यात ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू किंवा मोठी गुठळी होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २.७ टक्के, तर दुसऱ्यात ९.८ टक्के निघाले. काही टक्क्यांच्या फरकाने धोका जवळजवळ चौपट होतो, यासाठी ४५ची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचा उपयोगही २००४ साली ५१८ रुग्णांच्या चाचणीत दिसून आला आहे. मात्र तिची मात्रा स्वतःहून वाढवू नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

जॅक रोखणाऱ्या औषधाचा तुमचा प्रश्न रास्त आहे. रक्सोलिटिनिब हे असे पहिले औषध. अमेरिकेत त्याला मज्जातंतुमयतेसाठी २०११ साली आणि पॉलिसायथीमियासाठी २०१४ साली मान्यता मिळाली, ती हायड्रॉक्सियुरिया या पेशींची वाढ आवरणाऱ्या औषधाचा पुरेसा उपयोग न होणाऱ्या किंवा ते सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी. ऐकायला असे वाटते, की बिघडलेले प्रथिन सापडले, त्याला रोखणारे औषधही मिळाले, मग काम झाले. परंतु हे औषध प्रथिनाच्या काम करणाऱ्या भागात जाऊन बसते, लगामाच्या बदललेल्या भागात नव्हे. त्यामुळे निरोगी पेशींतले जॅक२ आणि बदललेले जॅक२ यांत ते फरक करू शकत नाही. शिवाय ते रोगप्रतिकाराच्या संदेशांत महत्त्वाचे असलेले जॅक१ही रोखते. जॅक२ पूर्ण बंद करणे कोणालाच परवडणारे नाही. ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकले, ते तांबड्या पेशी तयार न झाल्याने जन्मापूर्वीच मेले, हे १९९८ साली दिसले आहे. म्हणून या औषधाने रक्तक्षय होऊ शकतो, नागीण आणि इतर संसर्गांची शक्यता वाढते आणि ते अचानक थांबवले तर लक्षणे उसळून येऊ शकतात. वाढलेली प्लीहा आणि ती असह्य खाज यांवर त्याचा गुण फार चांगला आहे, हेही तितकेच खरे.

तुमचे वडील साठीच्या आतले आहेत आणि त्यांना गुठळीचा पूर्वेतिहास असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. अशा रुग्णाला आधी रक्त काढणे आणि ॲस्पिरिन देणे हीच सर्वमान्य सुरुवात आहे. डॉक्टरांनी तुमच्यापासून काही चांगले औषध राखून ठेवलेले नाही. वय ६० ओलांडले, गुठळी झाली, फार वारंवार रक्त काढावे लागू लागले किंवा प्लीहा व खाज यांचा त्रास वाढला, तर हायड्रॉक्सियुरिया किंवा इंटरफेरॉन सुरू करण्याचा विचार होतो. इंटरफेरॉनने काही रुग्णांत वर्षा-दोन वर्षांत बदललेल्या जनुकाचे प्रमाणच घटत जाते. त्याच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या एका प्रकाराला युरोपात २०१९ साली मान्यता मिळाली आहे. या टप्प्यांविषयी डॉक्टरांशी आताच बोलून ठेवावे. तोवर खाजेसाठी कोमट पाण्याने अंघोळ करावी, टॉवेलने न घासता अंग टिपून घ्यावे आणि त्रास होत असल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण ही खाज आजाराचाच भाग आहे. तंबाखू पूर्णपणे टाळावी आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा. एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, एकाच पायाला सूज येणे, दृष्टी जाणे किंवा पोटात सतत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

राहिला लोहाचा प्रश्न. यात नातेवाइकांचा सल्ला मनापासूनचा असला तरी कृपया पाळू नये. एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त काढले की त्यासोबत २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीराबाहेर जाते. लोह घटल्यामुळे अस्थिमज्जेला, जॅक२ने कितीही निरोप दिले तरी, नव्या तांबड्या पेशी वेगाने घडवता येत नाहीत. म्हणजे अहवालातले कमी लोह हे या उपचाराचे अपेक्षित फळ आहे. अशा वेळी लोहाच्या गोळ्या दिल्या तर हिमॅटोक्रिट थोड्याच काळात उसळते आणि ज्या गुठळीपासून वडिलांना वाचवायचे आहे, तिलाच वाट मिळते. त्यात लोह असलेली जीवनसत्त्वांची मिश्रणे आणि टॉनिकेही आली, म्हणून बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत. मात्र लोह फार कमी झाल्याने थकवा असह्य होत असेल, रात्री पाय अस्वस्थ होऊन झोप लागत नसेल किंवा केस फार गळत असतील, तर ते सहन करत बसणेही बरोबर नाही. अशा स्थितीत रक्त काढणे कमी करून पेशींची वाढ आवरणारे औषध सुरू करण्याचा पर्याय डॉक्टर निवडू शकतात. पुढच्या भेटीला फेरिटिनचा, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा, अहवाल आणि गेल्या काही महिन्यांतले हिमॅटोक्रिटचे आकडे तारखांसह लिहून सोबत न्यावेत, आणि तोपर्यंत घरात कोणी गोळ्या आणल्या असतील तर त्या वडिलांना सुरू करू नयेत.